निळसर मिंकचा कोट : बडोद्यातील एका घराण्याच्या वस्तूच्या कालनिर्णयाचे प्रकरण

बडोद्यातील मराठी कुटुंबांकडे संस्थानकाळापासून राहिलेल्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन भरवण्याचे येथील एका संस्थेने ठरवले. तेव्हा पैठण्या, चांदीची उपकरणी, दरबारी पगड्या आणि मोडीतील हिशेबवह्या यांच्या जोडीने फरचा एक लांब कोटही जमा झाला. दांडिया बाजाराजवळ राहणाऱ्या ज्या कुटुंबाने तो दिला, त्यांनी सोबत एक चिठ्ठी जोडली होती. पणजोबा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या लवाजम्यात विलायतेस गेले असता त्यांनी लंडनहून पणजीबाईंसाठी हा मिंकचा कोट आणला, साल अंदाजे १९२५, असा तिचा मजकूर होता. मिंक म्हणजे महागड्या फरसाठी ओळखला जाणारा, मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी. वस्तूंची नोंद करून परिचयपट्ट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि पट्टीवर साल घालण्यापूर्वी ते पडताळणे हा त्या कामाचाच भाग होता.

दावा मुळात अविश्वसनीय नव्हता. तिसरे सयाजीराव १८८७ पासून युरोपात जात होते, १९२०च्या दशकात त्यांचा बराच काळ तिकडे जाई, आणि त्यांच्यासोबत कारभारी मंडळींचा लवाजमा असे. पणजोबांची त्या लवाजम्यातील नेमणूक कुटुंबाकडील एका जुन्या हुकमावरून स्पष्ट होते. वंशावळीतील नोंदीप्रमाणे ते १९३८ मध्ये वारले. महाराजांचे निधन त्यानंतर थोड्याच काळाने, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी झाले. म्हणजे चिठ्ठीतील कथा खरी असेल, तर कोट १९३८च्या अलीकडचा असू शकत नाही. अडचण होती ती कोटाच्या रंगाची. तो निळसर राखाडी होता, आणि त्या रंगाचा मिंक १९२५ मध्ये बाजारात मिळत नव्हता.

कोटाची पाहणी

कोट गुडघ्याखाली पोहोचणारा, रुंद पडत्या कॉलरचा आणि मनगटाच्या थोडे वर थांबणाऱ्या बाह्यांचा आहे. अस्तर साटीनचे असून ते मूळचे नाही; जुन्या टाक्यांची भोके कातड्याच्या कडेने दिसतात आणि नव्या टाक्यांशी ती जुळत नाहीत. फरच्या कोटाचे अस्तर दहा-पंधरा वर्षांत बदलावेच लागते, त्यामुळे अस्तरावरून किंवा त्यावर शिवलेल्या दुकानाच्या चिठ्ठीवरून कोटाचे साल ठरवणे धोक्याचे असते. येथे तर चिठ्ठीही राहिलेली नव्हती. काखेत कातडे कडक होऊन तडकले होते, आणि बाह्यांच्या कडांना केस झडले होते. बडोद्याच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट पावसाळ्यात वाड्याच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत राहिलेल्या कातड्याची याहून बरी अवस्था अपेक्षितच नव्हती. कसर मात्र लागलेली नव्हती. डांबरगोळ्या आणि वेखंडाची पुरचुंडी यांचे ते श्रेय असावे.

रंगाच्या बाबतीत पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की कोट सर्वत्र सारख्या रंगाचा नव्हता. खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर पिवळट झाक होती, तर कॉलरच्या खाली, बाह्यांच्या दुमडीत आणि पुढच्या पट्टीच्या आत स्वच्छ निळसर राखाडी रंग टिकून होता. घरातील थोरल्या सूनबाईंना, ज्यांना आम्ही सारे काकू म्हणतो, याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सासूबाई दर वर्षी दिवाळीच्या आधी गच्चीत दांडीला टांगून त्याला ऊन दाखवायच्या. शालींबरोबर तोही.” खांद्यांचा पिवळेपणा यातून उलगडतो. मूळ रंग जाणायचा तर कॉलरखालचा भागच प्रमाण मानावा लागेल, हेही त्यातून ठरले. गडद तपकिरी मिंक उन्हाने आणि हवेने तांबूस होत जातो. फिके निळसर मिंक पिवळट होतात. तपकिरी फर जुनी होऊन निळसर झाली असेल, ही कुटुंबातील एका तरुणाने मांडलेली शक्यता म्हणूनच सोडून द्यावी लागली. ऑक्सिडीकरणाची दिशा नेमकी उलटी आहे.

हा मिंकच आहे काय

घरातील लोक एखाद्या फरला मिंक म्हणतात, एवढ्यावर विसंबता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिंक महाग असल्याने मार्मोट, मस्करॅट आणि कोलिन्स्की यांची कातडी रंगवून मिंकच्या नावाने विकण्याची सर्रास पद्धत होती. अमेरिकेत १९५१ मध्ये फरवर प्राण्याचे खरे नाव आणि रंगवल्याचा उल्लेख बंधनकारक करणारा कायदा करावा लागला, तो याच कारणाने. निळसर राखाडी रंग म्हटल्यावर तर खार, चिंचिला आणि ससा हेही उमेदवार ठरतात.

झडलेल्या केसांपैकी काही विद्यापीठातील एका परिचित प्राणिशास्त्रज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सशाच्या राठ केसाच्या, म्हणजे लवेवरच्या लांब, जाड केसाच्या, गाभ्यात पोकळ्यांच्या अनेक समांतर रांगा दिसतात. येथे तशा नव्हत्या. खारीच्या आणि चिंचिलाच्या केसावर गडद-फिक्या रंगाचे आडवे पट्टे असतात; येथील राठ केस टोकापासून बुडापर्यंत जवळपास एकरंगी होते. केसाच्या बुडाकडील भागात बाह्य आवरणाचे खवले लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचे होते, आणि ही मुंगसासारख्या दिसणाऱ्या विझल-मिंक-मार्टेन या कुळाची ओळखीची खूण आहे. मुंगूस स्वतः त्या कुळातला नाही, हे जाता जाता सांगितलेले बरे. कोलिन्स्की मात्र त्याच कुळातला असल्याने खवल्यांवरून तो बाद होत नाही. तो बाद झाला राठ केसांची लांबी, आतल्या लवेची दाटी आणि कातड्यांचा आकार यांवरून.

अस्तराची खालची कड उसवल्यावर कातड्याची आतली बाजू दिसली आणि तेथे मिंकच्या कोटाची ठळक कारागिरी सापडली. फरचे कारागीर मिंकचे एक आखूड कातडे तिरप्या, अगदी अरुंद पट्ट्यांत कापतात आणि प्रत्येक पट्टी थोडी खाली सरकवून पुन्हा शिवतात. त्यामुळे कातडे अरुंद पण लांब होते आणि खांद्यापासून घेरापर्यंत एकच सलग रेघ मिळते. इतके कष्ट स्वस्त फरवर सहसा घेत नाहीत. कोटभर या टाक्यांच्या तिरप्या ओळी होत्या.

उरला रंगवण्याचा प्रश्न. फर रंगवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पॅरा-फेनिलिनडायअमाइन या कुळातील रंगद्रव्ये वापरली जात. आजच्या केसांच्या कलपांतही तीच असतात. असा रंग केसाच्या अंगभर विरघळल्यासारखा पसरतो आणि कातड्यालाही लागतो. या कोटाचे कातडे आतून फिके होते. केसातील रंग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट, सुट्या कणांच्या रूपात दिसत होता, आणि कणांच्या मधला भाग रंगहीन होता. तो नैसर्गिक मेलॅनिन (प्राण्याच्या केसातील मूळचे रंगद्रव्य) होता. एवढे ठरल्यावर प्रकरण शिवणकामाकडून आनुवंशिकीकडे वळले.

रंग कुठून आला

अमेरिकी मिंक, ज्याचे शास्त्रीय नाव आज निओगेल व्हायसन असे लिहितात, रानात गडद तपकिरी असतो. हनुवटीवर, कधी गळ्यावर आणि पोटावर पांढरे ठिपके असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात वेगळी असल्याने क्षेत्रीय अभ्यासक त्यांवरून एकेक प्राणी ओळखतात. युरोपीय मिंकचा वरचा ओठही पांढरा असतो. अमेरिकीचा सहसा खालचाच. रानटी मिंकमध्ये रंगाचे वैविध्य एवढेच, आणि म्हणून १९२५ साली लंडनच्या दुकानात नैसर्गिक मिंकचा कोट म्हणून जो मिळाला असता तो तपकिरीच असता, कमी-अधिक गडद.

पिंजऱ्यातील पैदास अमेरिकेत १८६०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात सुरू झाली. पैदासकारांचा सगळा भर अधिक गडद, अधिक रेशमी तपकिरी फर मिळवण्यावर होता, आणि साठ-सत्तर वर्षे तसेच चालले. रंगाची उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत आपोआप होणारे बदल, त्या काळातही अधूनमधून होत असणार, कारण उत्परिवर्तन पैदासकाराच्या इच्छेची वाट पाहत नाही. पण ती अप्रभावी असल्याने, म्हणजे आई-बाप दोघांकडून एकेक प्रत आल्याशिवाय दिसत नसल्याने, दडून राहतात, आणि विचित्र रंगाचे एखादे पिल्लू जन्मलेच तर त्याचे कातडे बाजारात निरुपयोगी म्हणून वंश पुढे जात नसे. पुढे प्राणी हजारोंच्या संख्येने, नोंदी ठेवून आणि जवळच्या नात्यांत पैदास करून वाढवले जाऊ लागले, तेव्हा दडलेले रंग वर येऊ लागले. १९३१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात निळसर राखाडी मिंक जन्मला आणि या वेळी त्याचा वंश जपला गेला. त्या रंगाला प्रथम प्लॅटिनम आणि पुढे सिल्व्हरब्लू म्हणू लागले. पाळीव मिंकमधील रंगांच्या इतिहासाची ही सुरुवात मानली जाते. त्यानंतरच्या काही दशकांत तीसहून अधिक रंग-उत्परिवर्तने आणि त्यांच्या मिश्रणांतून त्याहून कितीतरी जास्त छटा तयार झाल्या.

सिल्व्हरब्लूमध्ये रंगद्रव्य बदलत नाही, त्याची वाटणी बदलते. रंगपेशीत मेलॅनिनचे कण तयार होतात आणि पेशीच्या लांब फांद्यांमधून केसाकडे नेले जातात. या वाहतुकीत मेलॅनोफिलिन नावाचे प्रथिन दुवा म्हणून काम करते, आणि सिल्व्हरब्लू मिंकमध्ये त्याच प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. कण पेशीच्या मध्याशी साचतात आणि केसात गुठळ्यांनी उतरतात. मूठभर रांगोळी अंगणात सारखी पसरली तर जमीन झाकली जाते. तीच रांगोळी चार ढिगांत टाकली तर मधली जमीन उघडी राहते. केसाचेही तसेच होते आणि काळपट तपकिरी फर निळसर राखाडी दिसते. कुत्र्यांतील आणि मांजरांतील ‘निळा’ रंगही याच जनुकाच्या बिघाडातून येतो.

दुसरा निळा रंग १९४१ मध्ये अमेरिकेच्याच ओरेगन राज्यात मिळाला. त्याला अल्युशियन म्हणतात. बंदुकीच्या नळीसारख्या काळसर निळ्या झाकेमुळे व्यापारात त्याचे नाव गनमेटल पडले. येथे बिघाड वाहतुकीत नसून कणांच्या घडणीत आहे. लिस्ट नावाच्या जनुकातील दोषामुळे रंगकण एकमेकांत मिसळून अवाढव्य होतात. हाच दोष पांढऱ्या रक्तपेशींतील कणांनाही फुगवतो आणि त्यांची रोगप्रतिकाराची क्षमता घटवतो; माणसांत या जनुकाच्या बिघाडाने होणाऱ्या आजाराला शेडियाक-हिगाशी सिंड्रोम म्हणतात. सुंदर रंग आणि दुबळी प्रकृती यांची ही गाठ पैदासकारांना लवकरच जाणवली. १९५६ मध्ये मिंकमधील एका दीर्घ, घातक आजाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो या रंगाच्या प्राण्यांत विशेष तीव्र असल्याने त्याला अल्युशियन आजार असेच नाव पडले. पुढे त्याचे कारण पार्व्होविषाणू असल्याचे कळले. तो कोणत्याही रंगाच्या मिंकला होतो, पण अल्युशियन जनुकाच्या दोन्ही प्रती बाळगणाऱ्यांना लवकर मारतो.

रंगासोबत शरीराचा दुसरा एखादा दोष येण्याचे हे एकमेव उदाहरण नाही. हेडलुंड नावाचे शुभ्र मिंक बहिरे असतात. पेस्टल नावाच्या फिक्या तपकिरी मिंकांपैकी काहींची मान वाकडी होते, कारण कानातील तोल सांभाळणारे खडे नीट तयार होत नाहीत. गाभण माद्यांच्या आहारात मँगनीज वाढवले की हा दोष टळतो, हे १९७०च्या दशकात दाखवले गेले. प्रस्तुत प्रकरणाशी याचा संबंध दूरचा आहे. तरीही फरचा रंग म्हणजे केवळ वरचा मुलामा, या सर्वसाधारण समजुतीला यातून चांगला धक्का बसतो.

सिल्व्हरब्लू आणि अल्युशियन या दोन्ही अप्रभावी जनुकांच्या दोन-दोन प्रती एकाच प्राण्यात आल्या की सफायर हा रंग मिळतो. तो दोन्ही मूळ रंगांहून फिका, स्वच्छ आणि अधिक निळा असतो. कॉलरखालचा रंग मला या छटेच्या जवळचा वाटला. पण डोळ्यांना वाटणे पुरेसे नव्हते, कारण व्यापारी नावे छटेवरून दिली जातात आणि दोन वेगळ्या जनुकांचे प्राणी एकाच नावाखाली विकले जाऊ शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते असे : राठ केसात रंगकणांच्या अनियमित गुठळ्या होत्या, आणि त्यांच्या जोडीने ठळक, गोलसर, नेहमीपेक्षा कितीतरी मोठे एकेकटे कणही होते. गुठळ्या मेलॅनोफिलिनच्या बिघाडाशी जुळतात, मोठे कण लिस्टच्या बिघाडाशी. दोन्ही एकाच केसात असणे सफायरकडे बोट दाखवते. मी याला निर्णायक म्हणत नाही, बलवान म्हणतो.

तारखांचा हिशेब

कोट केवळ सिल्व्हरब्लूचा आहे असे धरले, तर तो १९३१ ते १९३८ या काळात बसू शकतो काय? कुटुंबातील लोकांनी हा प्रश्न अगदी योग्य रीतीने लावून धरला, आणि त्याचे उत्तर मिंकच्या प्रजननात आहे. मिंक वर्षातून एकदाच, साधारण मार्चमध्ये माजावर येतो. पिल्ले एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात जन्मतात. फर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तयार होते. १९३१ मध्ये जन्मलेला निळसर नर १९३२ मध्ये तपकिरी मादीशी जोडला की सगळी पिल्ले तपकिरी होतात, कारण प्रत्येकाला निळसर जनुकाची एकच प्रत मिळते. त्या माद्या १९३३ मध्ये पुन्हा बापाशी जोडल्या तर सरासरी निम्मी पिल्ले निळसर. अशी पहिली काही वर्षे प्रत्येक निळसर प्राणी पैदाशीसाठी जिवंत ठेवण्यातच शहाणपण असते. त्याला मारून कातडे काढणारा पैदासकार पुढच्या वर्षीचे भांडवलच खाऊन टाकतो. पूर्ण लांबीच्या एका कोटाला मात्र पन्नासच्या आसपास, शक्यतो माद्यांची, एकमेकांशी रंगाने तंतोतंत जुळणारी कातडी लागतात, आणि जुळवणी करण्यासाठी त्याच्या कित्येक पट साठा हाताशी असावा लागतो. असा कोट १९३८ पर्यंत लंडनच्या दुकानात येऊन बडोद्याच्या एका अधिकाऱ्याच्या पगारात बसणे सर्वथा अशक्य होते असे म्हणणार नाही, पण तसे म्हणणाऱ्याने पावती दाखवावी.

सफायरचा हिशेब तर आणखी कडक आहे. १९४१ मध्ये जन्मलेला अल्युशियन प्राणी १९४२ मध्ये सिल्व्हरब्लूशी जोडला, तर पिल्ले दिसायला पुन्हा तपकिरीच. त्या पिल्लांचा १९४३ मध्ये आपसांत संकर केला तर मेंडेलच्या नियमाने सोळांपैकी सरासरी एकच पिल्लू सफायर. सफायरची सफायरशी जोडी लागली की मात्र सगळी पिल्ले सफायर होतात आणि संख्या भराभर वाढते, पण ती पायरी १९४४च्या आधी येऊ शकत नाही. कोटभर कातडी जमायला त्यानंतर आणखी काही हंगाम जातात. माझ्या अंदाजाने हा कोट १९४०च्या दशकाच्या अखेरीपूर्वीचा नाही, आणि रुंद कॉलर व आखूड बाह्या पाहता १९५०चे दशक अधिक संभवते. शिवणीच्या धाटणीला मी कमी वजन देतो, कारण जुना कोट उसवून नव्या फॅशनने शिवून घेणे फरच्या व्यवसायात नेहमीचेच आहे. बाह्या आखूड करता येतात, कॉलर बदलता येते; तपकिरी प्राण्याला सफायर करता येत नाही.

नक्षीच्या अंगाने या कोटातून फारसे हाती लागले नाही. मिंकमध्ये नक्षीची उत्परिवर्तनेही आहेत. त्यांपैकी ठळक म्हणजे ब्लॅक क्रॉस. या प्रभावी जनुकाची एक प्रत असली की पाठीवर व खांद्यांवर काळ्या केसांची फुली उमटते आणि कुशी पांढऱ्या होतात. दोन प्रती असल्या की प्राणी थोडे काळे ठिपके सोडता जवळपास पांढरा होतो. अशी फुली टिकवायची तर कातडे अखंड वापरावे लागते, कारण तिरप्या पट्ट्या पाडल्या की नक्षी विस्कटते. प्रस्तुत कोट पट्ट्यांचा आहे आणि पोटाचा पांढऱ्या ठिपक्यांचा भाग कारागिराने कापून टाकलेला आहे, त्यामुळे हा धागा येथेच संपतो.

छायाचित्र

एवढे झाल्यावर काकूंनी घरातील जुना अल्बम काढला. त्यात मुंबईच्या एका स्टुडिओत काढलेले पणजीबाईंचे छायाचित्र आहे. पाठीमागे शाईने १९३१ असे साल आहे. नऊवारीवर त्यांनी फरचा कोट घातला आहे. कुटुंबाच्या दृष्टीने हा अखेरचा पुरावा होता, आणि एका अर्थाने तो तसा ठरलाही.

छायाचित्रातील कोट जवळपास काळा दिसतो. कृष्णधवल चित्रात रंग ओळखता येत नाही असे आपण धरून चालतो, पण फिल्मच्या स्वभावावरून काही निष्कर्ष काढता येतात. त्या काळात स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा अजून प्रचारात होत्या. त्यांना लाल प्रकाश जाणवत नाही, म्हणून तांबूस आणि तपकिरी वस्तू प्रत्यक्षापेक्षा गडद उमटतात. निळ्याला मात्र त्या फार संवेदनशील असल्याने निळसर वस्तू फिकी उमटते. सर्व रंगांना संवेदनशील असलेली पॅनक्रोमॅटिक प्लेट वापरली असेल असे धरले, तरी निळसर राखाडी फर काळी दिसण्याचे कारण नाही. चित्रातील कोट गडद तपकिरी होता. शिवाय त्याच्या बाह्या मनगटापर्यंत येतात आणि कॉलर शालीसारखी छातीपर्यंत उतरते.

म्हणजे पणजोबांनी कोट आणला होता, ही घरातील आठवण खरी असण्याचा मोठा संभव आहे. तो कोट हा नव्हे, एवढेच.

कुटुंबाची प्रतिक्रिया आणि नोंद

हा निष्कर्ष सांगितल्यावर घरातील एका पुतण्याने लगेच दुसरी उपपत्ती मांडली. सयाजीरावांनंतर गादीवर आलेले महाराज प्रतापसिंहराव १९४८ मध्ये अमेरिकेत गेले होते, त्यांच्या पत्नी महाराणी सीतादेवींचा उंची वस्तूंचा षोक सर्वश्रुत होता, तेव्हा कोट राजवाड्यातूनच आमच्याकडे आला असणार, असे त्याचे म्हणणे होते. तारखांच्या दृष्टीने हे बसते, आणि नेमका त्यामुळेच मला त्याचा धाक वाटला. बडोद्यातील कोणत्याही जुन्या उंची वस्तूला एक राजा जोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. एक राजा तारखेत बसला नाही तर दुसरा शोधला जातो. या उपपत्तीच्या बाजूने कागद, पत्र, छायाचित्र यांपैकी काहीही नाही.

काकू काही दिवसांनी स्वतःहून म्हणाल्या, “आमच्या धाकट्या आत्याबाई लग्नानंतर अमेरिकेत होत्या, त्यांचे यजमान शिकायला गेले होते तेव्हा. तो कोट त्यांचा असेल असं मला आधीपासून वाटायचं. पण सासूबाईंच्या पुढ्यात बोलणार कोण?” आत्याबाई १९५०च्या दशकात तिकडे होत्या, हे त्यांच्या एका पाकिटावरील टपाल-शिक्क्यावरून दिसते. ही शक्यता मला सर्वांत जास्त पटते. तरीही पाकिटात कोटाचा उल्लेख नाही, म्हणून ती नोंदवहीत ‘कौटुंबिक आठवण’ या सदरात गेली, परिचयपट्टीवर नाही. पणजोबांची मूळ कथाही त्याच सदरात, काकूंच्या संमतीने, सांगितली तशी लिहून ठेवली आहे. वस्तूच्या कालनिर्णयात ती टिकली नाही म्हणून घराण्याच्या इतिहासातून ती पुसण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याला नसतो.

डीएनए तपासून सफायरची खात्री करावी काय, यावर चर्चा झाली. दोन्ही जनुकांतील बिघाड गेल्या काही वर्षांत शोधले गेले आहेत, त्यामुळे कसोटी तत्त्वतः शक्य आहे. पण तुरटी आणि क्रोम यांनी कमावलेल्या, पुन्हा अनेक उन्हाळे सोसलेल्या कातड्यात डीएनएचे फार लहान तुकडे उरतात, नमुन्यासाठी कातड्याचा तुकडा कापावा लागतो, आणि उत्तर काहीही आले तरी पट्टीवरील दशक बदलण्याची शक्यता कमी. एवढ्यासाठी कोट कापणे मला योग्य वाटले नाही. झडलेले केस बुडासकट एका कागदी पाकिटात जपले आहेत. पुढे कोणाला प्रश्न पडला तर ते उपयोगी येतील.

कोट प्रदर्शनात ठेवावाच काय, असा आक्षेप संस्थेतील काहींनी घेतला. भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली. २०२० मध्ये डेन्मार्कने करोनाच्या भीतीने आपल्याकडील दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा आदेश दिला, तेव्हा या व्यवसायाचे खरे आकारमान अनेकांना प्रथमच कळले. आक्षेप गंभीर होता. माझे मत असे पडले की पन्नासच्या आसपास प्राण्यांपासून हा एक कोट होतो, हे पट्टीवर स्पष्ट लिहून तो दाखवावा. ते मान्य झाले.

पट्टीवरील अंतिम मजकूर असा आहे : “फरचा स्त्रीचा कोट. अमेरिकी मिंक, पाळीव, नैसर्गिक निळसर रंग (बहुधा सफायर). सुमारे पन्नास कातडी. इसवी सन १९४५ नंतर, संभवतः १९५०चे दशक. अस्तर नंतरचे. बडोद्यातील एका मराठी कुटुंबाच्या संग्रहातून.” पणजीबाईंच्या छायाचित्राची प्रत शेजारी लावली असून तिची पट्टी स्वतंत्र आहे. कोट मंद प्रकाशात, खांद्यांना आधार देणाऱ्या जाड टांगणीवर ठेवला आहे, आणि तो परत करताना ऊन दाखवू नये अशी लेखी सूचना सोबत जाईल. छायाचित्रातील तपकिरी कोटाचे पुढे काय झाले, याची चौकशी आता काकूंनी स्वतः हाती घेतली असून त्यासाठी त्यांनी घराण्याच्या पुण्यातील शाखेला पत्र घातले आहे.